मुलाला कोणता प्राणी आणून द्यावा?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी परीक्षा, शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात. मला विषय विचारला गेला तेव्हा मी सांगितले की मी ससे, पोपट आणि मासे यांवर बोलेन. विचारणाऱ्या बाई हसल्या. पण शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे निवृत्तीनंतरही माझ्या दारात पालक येतात, आणि त्यांच्यापैकी निम्मे तरी हाच प्रश्न घेऊन येतात. "आपा, पोरगा हट्टाला पेटला आहे, ससा आणू का?" "आपा, मुलीला कासव हवे आहे, चालेल का?" या प्रश्नांची एकदा सविस्तर उत्तरे द्यावीत असा आजचा माझा हेतू आहे.

उत्तर देण्याचा अधिकार मला पुस्तकी ज्ञानाने मिळाला असे मी म्हणणार नाही. तो एका चुकीने मिळाला. ती चूक आधी सांगते.

१९९४ सालची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आमचे घर जुन्या बाजारात, खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याची गच्ची. चौथीच्या सहामाहीत त्याला चांगले गुण मिळाले म्हणून मी हिवाळ्यात त्याला पांढऱ्या सशांची जोडी आणून दिली. गच्चीवर पत्र्याखाली लाकडी खोके मांडले. मुलाने त्यांची नावे ठेवली, शाळेतून आला की दप्तर टाकून तो थेट वर जाई. थंडी होती तोवर सगळे उत्तम चालले. मग एप्रिल गेला आणि मे उजाडला. आपल्या शहरातला मे तुम्हाला मी काय सांगावा! पारा चाळिसावर गेलेला, पत्रा तव्यासारखा तापलेला. मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामात होते आणि मुलगा चार दिवसांसाठी आजोळी गेला होता. एका दुपारी वर गेले, तर दोन्ही ससे आडवे पडलेले होते.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि हवा तीस अंशांच्या वर गेली की त्याची तगमग सुरू होते. मी विज्ञानाची शिक्षिका, मला हे ठाऊक असायला हवे होते. मी पाहिले नव्हते, वाचले नव्हते, विचारलेही नव्हते. बाजारात सुंदर दिसले म्हणून आणले.

पण खरी चूक त्याहून पुढची आहे. मुलगा परत आला तेव्हा मी त्याला सांगितले की ससे मी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे पाठवले, तिथे त्यांना मोकळे रान आहे. त्याने विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोराने त्याला खरे काय ते सांगितले. मुलगा रडला नाही, भांडला नाही. त्याने मला एवढेच विचारले, "अम्मी, तुम्ही दोन्ही गोष्टी का केल्या?" त्याला म्हणायचे होते, मारलेतही आणि खोटेही बोललात. पुढे कितीतरी दिवस मी काही सांगितले की तो आधी त्याच्या अब्बांकडे पाहून खात्री करून घेई.

पुढे एकदा बुखारी शरीफमधला अबू उमैर यांचा प्रसंग वाचताना मी थबकले. तुमच्यापैकी अनेकांना तो माहीत असेल. हजरत अनस यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याजवळ एक चिमुकला पक्षी होता आणि तो मेला. प्रेषित मुहंमद (स.) त्या घरी येत असत. मुलगा उदास दिसला तेव्हा त्यांनी त्याला मोठ्या माणसासारखे टोपणनावाने संबोधून त्या पक्ष्याची चौकशी केली. त्या प्रसंगातून जाणत्यांनी पुष्कळ बोध काढले आहेत. मला आई म्हणून त्यातले एवढेच दिसले, की पक्षी गेला आहे ही गोष्ट मुलापासून कोणी लपवली नाही, 'दुसरा आणून देऊ' असे म्हणून त्याचे दुःख हलके केले नाही आणि त्याला हसलेही नाही. जे मी केले ते याच्या अगदी उलट होते.

म्हणून प्राणी आणायचा ठरवलात तर आधी हे मनाशी पक्के करा, की तो एक दिवस मरेल आणि त्या दिवशी आपण मुलाशी खरे बोलू. एवढी तयारी नसेल तर प्राणी आणूच नका.

आता निवडीकडे येऊ. बहुतेक पालक प्राणी पाहून ठरवतात. माझे म्हणणे असे की आधी आपले घर पाहावे. दुपारी दोन वाजता घरातली सर्वांत थंड जागा कोणती, तिथे प्राणी राहू शकेल काय? सुट्टीत आपण सगळे नानीकडे जातो तेव्हा त्याला चारा-पाणी कोण देईल? घरात कोणाला दमा आहे काय? आणि पाणी? गेली कित्येक वर्षे आपल्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी आलेले नाही, आपण ड्रम आणि टाक्या भरून दिवस काढतो. ज्या घरात कपडे धुण्याचा दिवस पाण्याच्या पाळीवर ठरतो, त्या घरात रोज धुवावा लागणारा पिंजरा आणणे म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवणे होय. "मी सगळे करीन" असे मूल म्हणते आणि ते खोटे बोलत नसते. पण नऊ वर्षांच्या मुलाचे 'सगळे' तीन आठवडे टिकते. त्यानंतर ते काम करायला घरातले एक मोठे माणूस मनापासून तयार असले पाहिजे. ते माणूस कोण, हे आणण्यापूर्वी ठरवावे.

पोपटाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल, कारण आपल्या मोहल्ल्यांतून 'मिठ्ठू' हा घरचाच माणूस समजला जातो. माझ्या लहानपणी, तेव्हाच्या औरंगाबादेत, आमच्या दादींच्या ओसरीवरही एक होता. परंतु हिरवा देशी पोपट, पहाडी पोपट, मैना, मुनिया हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित पक्षी आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवास दोन्ही होऊ शकतात. २०२२ साली हा कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला. कोणी पिशवीत झाकून पोपटाचे पिल्लू दाखवू लागला, तर ते ढोलीतून आईपासून ओढून आणलेले आहे एवढे लक्षात घ्या. घरात आधीपासून असेल तर त्याला एकदम खिडकीतून उडवू नका. पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी बाहेर दोन दिवस जगत नाही. वन विभागाशी संपर्क साधावा. ठिपक्यांच्या कासवाचेही तेच. त्याच्या पाठीवरची चांदण्यांची नक्षी मुलांना मोह घालते, पण ते भारतीय रानातले कासव आहे आणि घरात ठेवणे बेकायदा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. काचेच्या डबीत विकले जाणारे कानाशी लाल पट्टा असलेले कासव परदेशी असते, त्याला कायदा आड येत नाही. तरी तेही मी सुचवणार नाही. आज रुपयाएवढे दिसते, पुढे जेवणाच्या ताटलीएवढे होते आणि कित्येक दशके जगते. शिवाय कासवाच्या अंगावरून साल्मोनेला नावाचे पोटाचे जंतू मुलांना लागतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने.

दुसरी गोष्ट रंगीत पिल्लांची. गुलाबी, हिरवी, जांभळी कोंबडीची पिल्ले टोपलीत घालून विकणारा गल्लीत आला की पोरे वेडी होतात. किंमत चहाएवढी. ही बहुधा अंड्यांच्या कोंबड्यांच्या जातीतली नर पिल्ले असतात, ज्यांचा उबवणी केंद्राला काही उपयोग नसतो. पहिले काही आठवडे त्यांना सतत ऊब लागते, ती आपल्या बुटांच्या खोक्यात मिळत नाही. तीन-चार दिवसांत ती मान टाकतात. मुलाला जीव स्वस्त असतो हे शिकवायचे असेल तर याहून सोपा मार्ग नाही. कृपा करून घेऊ नका, मूल कितीही रडले तरी.

ससा आणायचाच असेल, तर माझी कथा ऐकूनही ज्यांच्या घरात तळमजल्यावर दगडी, थंड खोली आहे त्यांनी विचार करावा. आठ-दहा वर्षे त्याला सांभाळावे लागेल. गाजरे हा त्याचा खाऊ झाला, त्याचे जेवण म्हणजे गवत. दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावण्यानेच झिजतात. जोडी आणलीत तर महिन्याभरात पिल्ले होतात, मग नातेवाइकांना ससे वाटत फिरावे लागते. आणि ससा म्हणजे बाजारातला पाळीव ससा. शेतातून पकडून आणलेला रानससा ठेवणे हाही गुन्हाच आहे.

गिनीपिग हा लहान मुलांसाठी सशापेक्षा बरा प्राणी आहे. सहसा चावत नाही, दिवसा जागा असतो, ओळखीचे पाऊल वाजले की शीळ घालतो. एका विद्यार्थिनीच्या दादींनी मात्र नावामुळे त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन सांगितले की डुकराशी याचा सुतराम संबंध नाही, हा उंदीर-खारीच्या कुळातला आहे आणि इंग्रजांनी नाव ठेवताना घोळ घातला. दादी म्हणाल्या, मग उंदीर कशाला पाळता! त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्याबद्दल एकच ध्यानात ठेवावे. माणसाप्रमाणे त्याच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज थोडी ताजी ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड द्यावी लागते. उन्हाचे भय सशाइतकेच.

हॅम्स्टर हल्ली दुकानांतून दिसतात. पाळीव सोनेरी हॅम्स्टर जवळजवळ सगळे १९३० साली सीरियात, हलबजवळ सापडलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. इतिहास मोठा मजेदार, पण प्राणी निशाचर. मूल झोपले की हा उठतो आणि मूल शाळेतून आले की हा झोपलेला. उठवले तर चावतो. दोन-अडीच वर्षांत आयुष्य संपते.

पक्ष्यांत कायद्याने चालतील असे म्हणजे बजरीगर. आपण त्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो ते चूक आहे. लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगर ऑस्ट्रेलियातले. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ते युरोपात नेले आणि तेव्हापासून ते पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. एकटा ठेवू नये, जोडी ठेवावी. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. स्वयंपाकघरात टांगू नये, धुराने आणि करपलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने हे पक्षी पटकन मरतात. दम्याच्या मुलाच्या खोलीत कोणताही पक्षी नको. कबुतरे तर नकोतच. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला तो आपण वाचला. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवा, पण कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींची फुप्फुसे कायमची अधू होतात हे डॉक्टर सांगतात.

मांजराविषयी आपल्याकडे फार बोलावे लागत नाही. हजरत अबू हुरैरा यांचे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. मांजरीचे उष्टे नापाक मानलेले नाही, आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचे काय झाले तेही आपण लहानपणापासून ऐकतो. बहुधा मांजर आपण निवडतच नाही, ती आपल्याला निवडते. आली तर तिला रेबीजची लस टोचून घ्या. आणि मांजर असो वा कुत्रे, चावले किंवा ओरबाडले की हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी घाटीत जाऊन लस घ्यावी. मार मिळेल या भीतीने मुले ओरबाडलेले लपवतात. तेव्हा मार मिळणार नाही, हे त्यांना आजच घरी गेल्यावर सांगून टाका.

यानंतर एक विषय आहे, ज्यावर आपण आपसात बोलत नाही. आपल्या पुष्कळ मुलांचा पहिला प्राणी म्हणजे ईदचा बकरा. काळाभोर उस्मानाबादी बकरा पंधरा दिवस आधी घरी येतो, मूल त्याला पाला खाऊ घालते, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधते, त्याच्याशेजारी झोपू पाहते. आणि मग ईद येते. काही मुले त्या दिवशी जेवत नाहीत. आपण म्हणतो, "मर्द का बच्चा रोता है क्या?" मला वाटते हे योग्य नाही. प्रिय वस्तू अर्पण करणे हाच त्या दिवसाचा अर्थ असेल, तर ज्याला बकरा प्रिय झाला त्या मुलाला तो अर्थ आपल्याहून अधिक कळला आहे. बकरा घरी येईल त्याच दिवशी, मांडीवर घेऊन, तो कशासाठी आणला आहे ते मुलाला सांगा. ईदच्या दिवशी त्याला समोर उभे राहण्याची सक्ती करू नका. आणि बकऱ्याला त्या पंधरा दिवसांत सावली आणि पाणी कमी पडू देऊ नका. मुले तेही पाहत असतात.

आता मी ज्या प्राण्याची शिफारस करायला येथे उभी आहे, त्याच्याकडे येते. तो म्हणजे गप्पी मासा.

माशांबद्दल समज असा की गोल काचेच्या भांड्यात सोनेरी मासा सोडला की काम झाले. त्या भांड्यात मासा आपल्याच विष्ठेच्या विषाने गुदमरतो. गोल्डफिश वीतभर वाढणारा, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगणारा मासा आहे. त्याला मोठी टाकी, गाळणी आणि पुष्कळ पाणी लागते. आपल्याकडे पाणी कुठे आहे? गप्पी मात्र जेमतेम दोन इंचांचा. ऊन सोसतो, साध्या पाण्यात राहतो आणि डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाणे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डास मारण्यासाठीच तो भारतात आणला गेला. त्याचे नाव तो गप्पा मारतो म्हणून पडले असे आमची मुले दरवर्षी उत्तरपत्रिकेत लिहीत. खरे तर गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या संग्रहालयात धाडले, त्यांच्यावरून ते नाव आले.

आपल्या शहरात तो का, हे नीट समजून घ्या. पाणी कित्येक दिवसांनी येते म्हणून आपण ते साठवतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपली पाण्याची पाळी आणि डासाचे बाळंतपण यांचे वेळापत्रक जुळते. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे, दर आठवड्याला भांडी कोरडी करावीत हे आहेच. पण वापराच्या पाण्याचा जो हौद रिकामा करणे जमत नाही, त्यात चार-सहा गप्पी सोडले की अळ्या उरत नाहीत. म्हणूनच आरोग्य खात्याची गप्पी पैदास केंद्रे असतात.

मुलासाठी मात्र हौदातले पुरेसे नाहीत, त्याला दिसले पाहिजेत. वीस-पंचवीस लिटरची काचेची पेटी घ्या, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा, थोडी पाणवनस्पती घाला. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच पेटीत ओता, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला आणि काढलेले पाणी कुंड्यांना घाला, झाडे खूश होतात. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच. मासे उपासाने मरतात त्याहून अधिक मुलांच्या प्रेमाने मरतात. रंगीत शेपटीचा तो नर, मोठी व फिकट ती मादी. मादी अंडी न घालता महिन्याभराने थेट पिल्ले देते, आणि पाणवनस्पती दाट नसेल तर तीच ती खाऊनही टाकते. हे पाहून मूल प्रश्न विचारील. विचारू द्या. एक मात्र सांभाळावे: जास्त झालेले मासे खाम नदीत किंवा कुठल्या तळ्यात सोडू नयेत, ते तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

ज्यांच्या घरी यातले काहीच शक्य नाही, भाड्याची एक खोली आहे, घरमालक कटकट्या आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची सुरुवात पाळीव पक्ष्याने झाली नाही. मुंबईच्या या अनाथ मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला न हसता कपाटे उघडून दाखवली. पुढे १९३१-३२ साली याच मुलाने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. बंदूक नको, गच्चीवर मातीचे पसरट भांडे ठेवा, रोज सकाळी पाणी बदला. उन्हाळ्यात आठ दिवसांत चिमण्या, बुलबुल, साळुंक्या यायला लागतील. पिंजरा नाही, खर्च नाही. हिमायतबागेत सकाळी सहाला मुलाला घेऊन जा, दादींचा मिठ्ठू तिथे शेकड्याने झाडावर बसलेला दिसेल.

माझ्या मुलाला आता आठ वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी तिने ससा मागितला. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादीला विचार." मी तिला जुनी सगळी हकीकत सांगितली, खोटे बोलल्याचीसुद्धा. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग त्यांना पुरले कुठे?" एवढ्या वर्षांत हे मला कोणीही विचारले नव्हते, माझ्या मुलानेही नाही. त्याने तेव्हा मान खाली घातली होती. मी तिला हिमायतबागेच्या भिंतीकडेची जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिथे जाऊन आलो. तिच्या पेटीत आता बरेच गप्पी झाले आहेत.

त्यातले काही मी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टाकीत आणून सोडले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. मूल आणि घरातले एक मोठे माणूस, दोघांनी मिळून यावे, एकट्या मुलाला मी मासे देणार नाही. येताना रुंद तोंडाची स्वच्छ बरणी आणावी आणि तिच्या झाकणाला खिळ्याने चार भोके पाडून आणावीत.